खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना : हक्क कोणाचे, भार कोणावर?

संगणकाचा प्रोग्रॅम दोन रूपांत असतो. प्रोग्रॅमर जो लिहितो, वाचतो आणि सुधारतो तो सोर्स कोड, आणि यंत्राला चालवता यावी म्हणून त्यापासून तयार केलेली प्रत हे दुसरे रूप. विकत मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाच्या हाती फक्त हे दुसरे रूप पडते. ते चालवता येते, पण आत काय आहे ते पाहता येत नाही आणि बिघडले तर दुरुस्तही करता येत नाही. ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये सोर्स कोड सर्वांसाठी खुला असतो. तो वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि पुढे वाटण्याचा हक्क लेखी दिलेला असतो. हा हक्क देणारा दस्तऐवज म्हणजे परवाना, रोजच्या बोलीत लायसन्स.

परवाना लागतो तो कॉपीराइटमुळे. कायद्याच्या लेखी प्रोग्रॅम हे लेखनच आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतींमध्ये झाला. लेखकाने स्पष्ट मुभा दिली नसेल, तर इंटरनेटवर सर्वांना दिसणारा कोडही कोणाला उचलून वापरता येत नाही. ही मुभा कोणत्या अटींवर द्यायची, यावर आज फार मोठा व्यवहार उभा आहे. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स हे खुले सॉफ्टवेअर आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर चालतो. बँका, दूरसंचार कंपन्या आणि सरकारी पोर्टले यांचे कामकाजही अशा खुल्या कोडवर अवलंबून आहे.

गेली चाळीस वर्षे या परवान्यांभोवती तीन प्रश्नांवर वाद चालू आहे. कोड कोणी घ्यायचा, घेणाऱ्याने परत काय द्यायचे, आणि तो सांभाळण्याचा खर्च कोणी उचलायचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे परवान्यात लिहिता येतात. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही परवान्यात नाही. वादातली बरीचशी कटुता या तिसऱ्या प्रश्नातून आलेली आहे.

सॉफ्टवेअर विक्रीचा माल झाले

१९६०च्या दशकापर्यंत संगणक कंपन्या मुख्यतः यंत्रे विकत आणि प्रोग्रॅम त्यांच्यासोबत येत, पुष्कळदा सोर्स कोडसकट. ग्राहक त्यात सुधारणा करून त्या एकमेकांना देत. आयबीएमच्या ग्राहकांनी १९५५मध्ये ‘शेअर’ नावाचा गट स्थापन केला होता, तो याच देवाणघेवाणीसाठी. जून १९६९मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअर आणि सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले. त्या वेळी कंपनीवर अमेरिकी सरकारच्या मक्तेदारीविरोधी कारवाईचे सावट होते. या निर्णयाने सॉफ्टवेअरची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली.

फेब्रुवारी १९७६मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी वापरकर्त्यांना उद्देशून खुले पत्र लिहिले. ‘अल्टेअर’ या छोट्या संगणकासाठी त्यांच्या कंपनीने तयार केलेल्या ‘बेसिक’ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रती लोक पैसे न देता एकमेकांना देत होते. मोबदला मिळणार नसेल तर चांगले सॉफ्टवेअर लिहिण्यात कोण वेळ घालवील, असा त्यांचा सवाल होता. १९८०मध्ये अमेरिकेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून प्रोग्रॅमना स्पष्ट संरक्षण दिले. १९८३मध्ये ‘अ‍ॅपल विरुद्ध फ्रँकलिन’ खटल्यात अपील न्यायालयाने यंत्राच्या भाषेतील प्रतीलाही ते संरक्षण लागू असल्याचे मान्य केले. आता कंपनीला सोर्स कोड गुपित ठेवता येत होता आणि चालणाऱ्या प्रतीवर कॉपीराइटही मिळत होता.

प्रिंटरचा प्रश्न आणि जीपीएल

या बदलाला सर्वांत ठाम विरोध केला तो अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी. प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की काम पाठवणाऱ्यांच्या पडद्यावर तसा निरोप झळकावा, अशी सोय स्टॉलमन यांनी त्याच्या प्रोग्रॅममध्ये करून ठेवली होती. झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला तेव्हा त्याचा सोर्स कोड सोबत आला नाही. प्रिंटर वेगळ्या मजल्यावर होता. कागद अडकला तरी कोणाला कळत नसे आणि कामे खोळंबून राहत. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो कोड आहे असे कळल्यावर स्टॉलमन यांनी त्याच्याकडे मागितला. गोपनीयतेच्या करारावर सही केली असल्याने त्याने नकार दिला. दुरुस्तीचे ज्ञान आहे, इच्छा आहे, पण करार आडवा येतो, ही स्थिती स्टॉलमन यांना अन्यायाची वाटली.

सप्टेंबर १९८३मध्ये त्यांनी ‘जीएनयू’ ही संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली तयार करण्याचा संकल्प जाहीर केला. १९८५मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली आणि १९८९मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’, म्हणजे जीपीएल, या परवान्याची पहिली आवृत्ती आली. जीपीएलची रचना कॉपीराइट न नाकारता त्याचाच आधार घेते. कोड कोणीही घ्यावा, बदलावा आणि विकावासुद्धा. मात्र बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला, तर त्याचा सोर्स कोडही द्यायचा आणि पुढच्या माणसाला तेच हक्क द्यायचे. अट मोडली की परवाना संपतो आणि मोडणारा कॉपीराइटभंगाचा दोषी ठरतो. या पद्धतीला ‘कॉपीलेफ्ट’ म्हणतात.

परवान्यांचे दुसरे घराणे विद्यापीठांतून आले. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचा बीएसडी आणि एमआयटीच्या नावाने ओळखला जाणारा परवाना हे त्यातले प्रमुख. दोन्ही अगदी छोटे आहेत. लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवा, नुकसान झाल्यास लेखकाला जबाबदार धरू नका, एवढ्याच त्यांच्या अटी. कोड घेऊन बंदिस्त उत्पादनात घातला तरी चालते. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांच्या कार्यप्रणालीत बीएसडीचा मोठा वाटा आहे आणि सोनीच्या प्लेस्टेशन ४ची प्रणाली फ्रीबीएसडीवर आधारलेली आहे. जानेवारी २००४चा अपाची २.० परवानाही याच घराण्यातला. त्यात पेटंटविषयीची मुभाही स्पष्टपणे दिलेली आहे.

दोन्ही घराण्यांतला मतभेद राजकीय आहे. बीएसडीवाले म्हणतात, आज कोड हाती घेणाऱ्यावर कमीत कमी बंधने असावीत. जीपीएलवाले म्हणतात, तो कोड ज्या शेवटच्या वापरकर्त्यापर्यंत पोहोचतो त्याचा हक्क शाबूत राहावा आणि त्यासाठी मधल्या विक्रेत्यावर बंधन हवे. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन उद्योगांना बिनअट द्यावे की समाजाकडे परत येण्याच्या अटीवर द्यावे, या जुन्या वादाचेच हे रूप आहे.

फिनलंडचे विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्या पहिल्या परवान्यात वाटपासाठी पैसे घ्यायला मनाई होती. १९९२मध्ये त्यांनी जीपीएल स्वीकारला आणि कंपन्यांना लिनक्सवर धंदा करण्याची वाट मोकळी झाली. बदल वाटायचा तर सर्वांच्याच पदरात टाकावा लागेल, या हमीमुळे एकमेकांचे प्रतिस्पर्धीही एकाच कोडवर काम करायला तयार झाले. आणखी एक गोष्ट निर्णायक ठरली. लिनक्समध्ये भर घालणारा प्रत्येक जण आपल्या भागाचा कॉपीराइट स्वतःकडे ठेवतो. हजारो मालकांची संमती मिळवल्याशिवाय परवाना बदलता येत नाही, म्हणून लिनक्स कोणा एका कंपनीला बंदिस्त करता येत नाही.

चळवळीतून उद्योगात

जानेवारी १९९८मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ करण्याचा निर्णय काही कार्यकर्त्यांनी घेतला. हे नाव क्रिस्टिन पीटरसन यांनी सुचवले होते. एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापली आणि डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मार्गदर्शक तत्त्वांवरून दहा कलमांची व्याख्या तयार केली. नैतिकतेची भाषा बाजूला ठेवून कमी खर्च, जास्त डोळ्यांखालून गेलेला कोड आणि कमी चुका ही भाषा कंपन्यांपुढे मांडायची, हा त्यांचा हेतू होता. स्टॉलमन यांना हे पटले नाही. स्वातंत्र्याचा आग्रह सोडून सोयीचा प्रचार केला, तर जास्त सोयीची बंदिस्त वस्तू दिसताच लोक तिकडे जातील, असा त्यांचा आक्षेप आजही कायम आहे.

मायक्रोसॉफ्टने सुरुवातीला कडवा विरोध केला. मे २००१मध्ये कंपनीचे वरिष्ठ अधिकारी क्रेग मंडी यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या भाषणात जीपीएलवर हल्ला चढवला. हा परवाना संसर्गासारखा पसरतो आणि कंपन्यांच्या बौद्धिक संपदेला धोका निर्माण करतो, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच महिन्यात कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने लिनक्स आणि इतर खुली सॉफ्टवेअरे आपल्या २३५ पेटंटांचा भंग करतात असा दावा केला. काळाने चित्र पालटले. विंडोजच्या विक्रीपेक्षा इंटरनेटवरून भाड्याने दिलेल्या सर्व्हरांचा धंदा महत्त्वाचा ठरू लागला आणि त्या सर्व्हरांवर ग्राहकांना लिनक्सच हवे होते. २०१८मध्ये याच कंपनीने गिटहब हे खुल्या कोडचे सर्वांत मोठे भांडार साडेसात अब्ज डॉलरांना घेतले. त्याच वर्षी तिने आपली सुमारे ६० हजार पेटंटे लिनक्सच्या संरक्षणासाठी उभारलेल्या ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये आणली.

फुकट वाटता येणाऱ्या वस्तूवर पैसा कसा मिळतो, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनीही घेतला. २००२मध्ये जॉश लर्नर आणि पुढे नोबेल मिळवणारे जाँ तिरोल यांनी मांडले की प्रोग्रॅमरना यातून नाव, नोकरी आणि पत मिळते, त्यामुळे हे काम अर्थशास्त्राच्या चौकटीत बसते. त्याच वर्षी योकाय बेंक्लर यांनी वेगळा निष्कर्ष काढला. बाजार आणि कंपनी यांच्याशिवाय उत्पादनाची तिसरी रीत शक्य आहे, आणि इंटरनेटने ती स्वस्त केली, असे त्यांचे म्हणणे होते.

व्यवहारात तीन मार्ग रुळले. रेड हॅट कंपनीने सॉफ्टवेअरऐवजी त्याची हमी, दुरुस्ती आणि सेवा विकली. २०१२च्या आर्थिक वर्षात तिचा महसूल एक अब्ज डॉलरांवर गेला आणि २०१९मध्ये आयबीएमने तिच्यासाठी ३४ अब्ज डॉलर मोजले. मायएसक्यूएल कंपनीने दुहेरी परवाना वापरला. जीपीएलच्या अटी मान्य असतील तर फुकट, नको असतील तर पैसे भरून वेगळा परवाना. तिसरा मार्ग म्हणजे गाभा खुला ठेवून मोठ्या ग्राहकांना लागणाऱ्या सोयी विकणे. पहिल्या मार्गाचे उदाहरण भारतातही आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशेब, साठा आणि पगार सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली पूर्ण खुले आहे आणि कंपनीची कमाई मुख्यतः ते चालवून देण्याच्या सेवेतून होते.

न्यायालयांनी काय ठरवले

अटी लिहिणे सोपे, पण त्या पाळायला कोणाला भाग पाडता येते का, ही शंका बराच काळ होती. २००३मध्ये लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. जीपीएलनुसार ग्राहकांना सोर्स कोड द्यायला हवा होता, तो दिलेला नव्हता. दबाव वाढल्यावर कोड खुला झाला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प जन्मला. आज तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या असंख्य राउटरांवर चालतो आणि कंपनीने सोडून दिलेल्या यंत्रांनाही सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळवून देतो. अटीचा फायदा शेवटच्या ग्राहकापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे ठसठशीत उदाहरण आहे. २००४मध्ये लिनक्सचे एक लेखक हॅराल्ड वेल्टे यांनी म्युनिकच्या न्यायालयात सिटेकॉम कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला आणि जीपीएल न्यायालयात टिकतो हे दाखवून दिले.

अमेरिकेतला महत्त्वाचा निकाल खेळण्यातल्या रेल्वेवरून लागला. रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी छोट्या रेल्वेगाड्यांचे नियंत्रण करणारे ‘जेएमआरआय’ हे सॉफ्टवेअर खुल्या परवान्याखाली देत होते. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्यातल्या फाइली आपल्या विक्रीच्या प्रोग्रॅममध्ये घेतल्या आणि लेखकांची नावे व कॉपीराइटच्या सूचना वगळल्या. खालच्या न्यायालयाला हा फार तर करारभंग वाटला. पैसे आकारलेच नव्हते, तर नुकसान कसले, असा पेच त्यातून उभा राहिला असता. ऑगस्ट २००८मध्ये फेडरल सर्किट अपील न्यायालयाने स्पष्ट केले की परवान्यातल्या अटी पाळणे ही मुभा मिळण्याची पूर्वअट आहे आणि ती मोडणे हा कॉपीराइटभंग आहे. पैसे न घेताही लेखकाचे आर्थिक हित असू शकते, हेही न्यायालयाने मान्य केले. नाव, प्रसार आणि परत येणाऱ्या सुधारणा यांना कायद्याच्या लेखी किंमत आली.

वाटप न करता विकणे

जीपीएलची अट प्रोग्रॅमची प्रत दुसऱ्याला दिल्यावर लागू होते. क्लाउडच्या काळात प्रत द्यावीच लागत नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि ग्राहक इंटरनेटवरून त्याचा उपयोग करतो. कंपनीने आत कितीही बदल केले तरी ते उघड करण्याचे बंधन येत नाही. ही फट बुजवण्यासाठी नोव्हेंबर २००७मध्ये एजीपीएल हा परवाना आला. नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स कोड मिळाला पाहिजे, अशी अट त्यात आहे.

त्याच वर्षी आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवरही वाद झाला. टिवो कंपनीच्या टीव्ही रेकॉर्डरमध्ये लिनक्स होते आणि कोडही दिलेला होता, पण बदललेला कोड ते यंत्र चालवूच देत नसे. नव्या आवृत्तीने अशा कुलपाला मनाई केली. यंत्र कसे बांधावे हे परवान्याने सांगू नये, असे म्हणत टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स दुसऱ्या आवृत्तीवरच ठेवले. अ‍ॅपलने तिसऱ्या आवृत्तीपासून अंतर राखले आणि मॅकमध्ये ‘बॅश’ या प्रोग्रॅमची जुनी आवृत्तीच ठेवली.

क्लाउडचा खरा संघर्ष इलास्टिकसर्चच्या निमित्ताने दिसला. शाय बॅनन यांनी २०१०मध्ये अपाची परवान्याखाली प्रसिद्ध केलेले हे शोधयंत्र हजारो संकेतस्थळांनी स्वीकारले. त्याभोवती इलास्टिक ही कंपनी उभी राहिली. ऑक्टोबर २०१५मध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड विभागाने हेच सॉफ्टवेअर स्वतःची सेवा म्हणून विकायला काढले. परवान्याने त्याची पूर्ण मुभा दिलेली होती. पण सर्व्हर, ग्राहक आणि बिलाची व्यवस्था अ‍ॅमेझॉनकडे असल्याने मूळ कंपनीला आपल्याच सॉफ्टवेअरवर अ‍ॅमेझॉनशी स्पर्धा करावी लागली. जानेवारी २०२१मध्ये इलास्टिकने अपाची परवाना सोडून निर्बंध असलेले परवाने स्वीकारले. अ‍ॅमेझॉनने शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून ‘ओपनसर्च’ हा वेगळा फाटा काढला.

मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने ऑक्टोबर २०१८मध्ये एसएसपीएल हा परवाना आणला होता. सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकणाऱ्याने ती सेवा चालवणारी सारी यंत्रणा खुली करावी, अशी त्याची मागणी होती. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने तो खुला परवाना मानला नाही. कोणत्याही क्षेत्राविरुद्ध भेदभाव नसावा हे व्याख्येतले सहावे कलम आहे आणि सेवा विकणाऱ्यांना वेगळे काढणे त्याच्या विरुद्ध जाते. ऑगस्ट २०२३मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचा आणि मार्च २०२४मध्ये रेडिसने आपल्या डेटाबेसचा परवाना घट्ट केला. दोन्ही वेळा वापरकर्ते आणि प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि ‘ओपनटोफू’ व ‘व्हॅल्की’ हे फाटे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभे राहिले. पुढे इलास्टिकने ऑगस्ट २०२४मध्ये आणि रेडिसने मे २०२५मध्ये एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला.

या वादात दोन्ही बाजूंकडे सत्य आहे. ज्यांनी कोड लिहिला त्यांच्यापेक्षा सर्व्हरांचे मालक जास्त कमावतात, ही तक्रार खरी आहे. पण बाहेरच्या शेकडो लोकांनी खुलेपणाच्या भरवशावर भर घातल्यावर कंपनीने एकतर्फी अटी बदलणे, हा त्यांचा विश्वासघात ठरतो. या कंपन्यांना ते शक्य झाले, कारण त्यांचे परवाने सैल होते किंवा भर घालणाऱ्यांकडून व्यापक हक्क आधीच लिहून घेतलेले होते. लिनक्सच्या बाबतीत हे घडू शकले नसते. म्हणून एखादे सॉफ्टवेअर निवडताना आजचा परवाना पाहणे पुरत नाही. तो बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते.

सांभाळणाऱ्यांचा भार

एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. इंटरनेटवरचे संदेश आणि पासवर्ड सुरक्षित ठेवण्याचे काम जगभरातले सर्व्हर याच सॉफ्टवेअरवर सोपवत. सर्व्हरच्या स्मृतीतला गुप्त मजकूर बाहेरच्या माणसाला वाचता येईल अशी ती चूक दोन वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. चौकशीत दिसले की या प्रकल्पाला देणग्या मिळत त्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या छोट्या घटकातल्या त्रुटीने पुन्हा जगभर धावपळ झाली. तोही स्वयंसेवकांच्या हाती होता.

मार्च २०२४चे प्रकरण अधिक अस्वस्थ करणारे होते. फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रकल्पाचा भार एकटा माणूस वाहत होता. एका अनोळखी सहकाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ मदत करत त्याचा विश्वास मिळवला, देखभालीचे अधिकार घेतले आणि कोडमध्ये चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगइनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा शोध घेताना ती सापडली. कोड खुला होता म्हणून चोरवाट शोधता आली. पण सांभाळणारा थकलेला आणि एकटा होता म्हणून ती पेरताही आली.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मॅन्युएल हॉफमन, फ्रँक नेगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या यानुओ झोऊ यांनी २०२४मध्ये या तफावतीचा अंदाज मांडला. सर्वाधिक वापरातले खुले सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहायला ४.१५ अब्ज डॉलर लागतील. पण ते नसते आणि प्रत्येक कंपनीला आपापले लिहावे लागले असते, तर खर्च ८.८ लाख कोटी डॉलरांवर गेला असता. या मूल्याचा ९६ टक्के भाग फक्त ५ टक्के प्रोग्रॅमरांच्या कामातून आलेला आहे. जीपीएल सोर्स कोड परत मागतो, पण दुरुस्ती करणाऱ्याचा पगार मागत नाही. एमआयटी परवाना तर नाव आणि मजकूर कायम ठेवण्यापलीकडे काहीच मागत नाही. ही उणीव परवान्यात आणखी निर्बंध घालून भरता येत नाही, कारण निर्बंध वाढले की वापरकर्ते आणि सहलेखक दोन्ही निघून जातात.

सरकारांची भूमिका

पेरूचे खासदार एडगर व्हिलानुएवा यांनी सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे विधेयक मांडले. मायक्रोसॉफ्टच्या आक्षेपांना त्यांनी २००२मध्ये दिलेले लेखी उत्तर जगभर गाजले. नागरिकांना सार्वजनिक माहिती मिळण्याचा हक्क, ती माहिती दीर्घकाळ टिकण्याची हमी आणि राज्याची सुरक्षा ही तीन तत्त्वे त्यांनी पुढे केली. खर्च वाचतो हा मुद्दा त्यांनी दुय्यम मानला.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला आणि २०१७मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरवले. राजकीय पाठिंबा सातत्याने नसेल तर तांत्रिक यशही टिकत नाही, असा धडा त्यातून अनेकांनी घेतला. आता युरोपात हा विषय डिजिटल सार्वभौमत्वाचा झाला आहे. एप्रिल २०२४मध्ये श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने सुमारे ३० हजार सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस हे खुले कार्यालयीन सॉफ्टवेअर आणण्याचे जाहीर केले. २०२२मध्ये सुरू झालेला जर्मनीचा ‘सॉव्हरिन टेक फंड’ महत्त्वाच्या खुल्या प्रकल्पांच्या देखभालीसाठी सरकारी पैसा देतो.

भारतात केंद्र सरकारने २०१५मध्ये ई-प्रशासनासाठी ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. निविदांमध्ये खुल्या पर्यायाचा विचार व्हावा आणि तो वगळल्यास कारण नोंदवावे, असे त्यात म्हटले आहे. केरळने सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले. पेटंट कायद्याच्या ३(के) कलमानुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला भारतात पेटंट मिळत नाही. २००४च्या अध्यादेशाने ही तरतूद सैल केली होती, ती सवलत २००५मध्ये संसदेत वगळली गेली. छोट्या सॉफ्टवेअर उद्योगांना त्यामुळे मोठे संरक्षण मिळाले.

मराठीचा या विषयाशी थेट संबंध अक्षरांतून येतो. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळलेला ‘लोहित देवनागरी’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला ‘मुक्त’ हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. कोणत्याही प्रकाशकाला, शाळेला किंवा अ‍ॅपला ते वापरता येतात, सुधारता येतात. फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. ज्या भाषांच्या बाजारपेठेकडे कंपन्यांचे लक्ष उशिरा जाते, त्यांच्यासाठी अशी मुभा विशेष मोलाची आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी कसोटी

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांनी जुन्या व्याख्यांवर ताण आणला आहे. मेटा कंपनीने जुलै २०२३मध्ये लामा २ हे मॉडेल खुले म्हणून दिले, पण महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना वेगळी परवानगी घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२४मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्हने अशा मॉडेलांसाठी व्याख्या प्रसिद्ध केली. मॉडेल ज्या मजकुरावर शिकवले तो मजकूर देणे तिने सक्तीचे केले नाही. त्यामुळे ती अपुरी आहे, अशी टीका चळवळीतूनच झाली. दुसरीकडे, खुल्या परवान्यांखालचा कोड मॉडेल शिकवण्यासाठी वापरताना लेखकाचे नाव आणि अटी पाळाव्या लागतात का, हा प्रश्न नोव्हेंबर २०२२मध्ये गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या साधनाविरुद्धच्या दाव्याने न्यायालयात नेला.

चार दशकांच्या या वादातून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. खुले परवाने न्यायालयात टिकतात. त्यांच्यावर मोठे उद्योग उभे राहतात. कॉपीराइट अनेकांत विभागलेला असेल तर खुलेपणा अधिक सुरक्षित असतो. अटी एकतर्फी बदलल्यास समाज फाटा काढून उत्तर देऊ शकतो. देखभालीचा प्रश्न मात्र पैशानेच सुटेल, आणि तो पैसा खुल्या कोडवर रोज चालणाऱ्या कंपन्यांकडून व सरकारांकडून यायला हवा. जर्मनीने त्यासाठी स्वतंत्र निधी काढला. भारतात २०१५च्या धोरणाला जोडून प्रत्येक सरकारी कंत्राटात वापरलेल्या खुल्या घटकांची यादी आणि त्यांच्या देखभालीचा वाटा मागता येईल. वापराचा हक्क परवान्याने सर्वांना दिलेला आहे. त्या हक्काबरोबर येणारी जबाबदारी अंदाजपत्रकात मांडणे, हे काम आता वापरकर्त्यांचे आहे.